दीड डॉलरचा हॉटडॉग आणि त्यामागची सत्तर वर्षे

धागा थोडा लांब आहे. विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटेल: अमेरिकेतील कॉस्टको या गोदामवजा दुकानांच्या साखळीत मिळणारा एक हॉटडॉग. परंतु ज्या वस्तूची किंमत १९८५ पासून एका सेंटनेही वाढलेली नाही, तिच्यामागे केवळ पाककृती नसते. तिथे कायदा असतो, कारखाना असतो, आणि बाजारात नेमका कोणाचा शब्द चालावा याविषयीचे जुने भांडणही असते.

सुरुवात एका प्रसंगापासून करू. क्रेग जेलिनेक हे कॉस्टकोचे मुख्याधिकारी होते. एकदा ते आपले पूर्वसूरी आणि कंपनीचे सहसंस्थापक जिम सिनेगल यांच्याकडे गेले आणि म्हणाले, की दीड डॉलरला हा हॉटडॉग विकणे आता परवडत नाही, आपण भलताच तोटा सोसतो आहोत. सिनेगल यांनी एका शिवीसह उत्तर दिले: किंमत वाढवलीस तर जीव घेईन, काय करायचे ते शोधून काढ. हा किस्सा जेलिनेक यांनी स्वतःच २०१८ साली सांगितला आणि तेव्हापासून तो समाजमाध्यमांवर विनोद म्हणून फिरतो आहे. विनोद खरा, पण त्यातले शेवटचे वाक्य बहुतेक जण वाचून सोडून देतात. ‘शोधून काढ’ या आज्ञेतूनच पुढे दोन कारखाने उभे राहिले.

आधी वस्तू कोणती ते पाहू. पाव पौंडाहून थोडा अधिक वजनाचा, केवळ गोमांसाचा सॉसेज, मऊ पाव, आणि त्यासोबत २० औंसांचा शीतपेयाचा पेला, जो पुन्हा भरून घेता येतो. सगळे मिळून दीड डॉलर. अमेरिकेतील महागाईच्या सरकारी निर्देशांकानुसार हिशोब केला, तर १९८५ चे दीड डॉलर म्हणजे २०२४ चे सुमारे ४ डॉलर ३७ सेंट. म्हणजे किंमत स्थिर राहिली असे म्हणणे अर्धवट आहे. खऱ्या अर्थाने ती दरवर्षी घसरत आली आहे आणि आज मूळ किमतीच्या जेमतेम एक तृतीयांश उरली आहे. तेव्हाच्या जोडीत पेय १२ औंसांच्या डब्यातून मिळे, आज पेला मोठा आहे. एवढे असूनही फलकावरचा आकडा तोच.

गोठलेल्या किमतीचे अमेरिकेतील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मात्र दुसरेच आहे, आणि तुलनेसाठी ते उपयोगी पडते. १८८६ साली अटलांटात कोका-कोलाचा पेला ५ सेंटला मिळू लागला आणि ती किंमत जवळपास सत्तर वर्षे टिकली. त्यात कोणाचा निग्रह नव्हता. १८९९ साली कंपनीने बाटलीबंद विक्रीचे हक्क दोन वकिलांना देऊन टाकले, तेही सरबताचा दर कायमचा ठरवून. कारण बाटल्यांना भविष्य नाही असा कंपनीच्या मालकाचा समज होता. बाटल्या तुफान खपू लागल्यावर कंपनीपुढे एकच मार्ग राहिला: ग्राहकाला मिळणारी किंमत पाच सेंटच राहावी म्हणून सर्वत्र तोच आकडा रंगवून ठेवायचा, म्हणजे मधल्या लोकांना दर वाढवता येणार नाही आणि सरबताचा खप वाढत राहील. करार पुढे बदलला, तोवर पाच सेंटचे नाणेच घेणारी विक्रीयंत्रे देशभर बसली होती. १९५३ साली कंपनीच्या प्रमुखांनी राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांना साडेसात सेंटचे नाणे पाडण्याची विनंती केली होती, इतकी ही कोंडी घट्ट होती. १९५९ पर्यंत पाच सेंटचा कोक संपला.

कोकची किंमत गोठली ती चुकीच्या करारामुळे आणि यंत्राच्या फटीमुळे. कॉस्टकोच्या हॉटडॉगची किंमत ठरवून गोठवलेली आहे. हे ठरवण्याची वृत्ती कुठून आली, हे समजण्यासाठी सॅन दिएगोतल्या एका वकिलाकडे जावे लागते.

सोल प्राइस. जन्म १९१६, न्यूयॉर्क. आईवडील मिन्स्क परिसरातून आलेले ज्यू स्थलांतरित. वकिली सॅन दिएगोत. १९५४ साली त्यांनी तिथल्या एका गोदामात ‘फेडमार्ट’ हे दुकान सुरू केले. सरकारी नोकरांनी २ डॉलर भरून सभासद व्हायचे आणि स्वस्त माल घ्यायचा, अशी पद्धत. तिथे गाद्या उतरवण्याच्या कामाला एक अठरा वर्षांचा विद्यार्थी लागला. तो म्हणजे जिम सिनेगल.

आता त्या काळातील कायद्याचा एक बारकावा, जो आज विस्मृतीत गेला आहे. अमेरिकेतील अनेक राज्यांत तेव्हा ‘फेअर ट्रेड’ कायदे लागू होते. १९३७ च्या मिलर-टायडिंग्ज कायद्याने त्यांना केंद्राचे संरक्षण मिळालेले होते. नाव गोंडस, आशय उलटा. आपला माल किरकोळ दुकानात किमान किती किमतीला विकला जावा, हे उत्पादकाने ठरवावे आणि त्याखाली कोणी विकले तर त्याच्यावर खटला भरावा, अशी ती सोय होती. छोट्या दुकानदारांना मोठ्या साखळ्यांपासून वाचवणे हा हेतू. परिणाम असा, की नावाजलेल्या ब्रँडची वस्तू स्वस्त विकणे हाच अपराध ठरू लागला. हे कायदे केंद्र सरकारने अखेर १९७५ साली मोडीत काढले.

या कोंडीतून निघण्याचा एक सरळ मार्ग होता. दुसऱ्याच्या नावाच्या वस्तूची किंमत दुसरा ठरवतो. आपल्या नावाच्या वस्तूची किंमत आपण ठरवतो. दुकानाचा स्वतःचा ब्रँड म्हणजे हलक्या मालावर चिकटवलेली चिठ्ठी अशी समजूत पुष्कळांची असते. इतिहास पाहिला तर ते किंमत ठरवण्याचे स्वातंत्र्य होते. फेडमार्टसारख्या सवलतीच्या दुकानांना त्याचे मोल चांगलेच ठाऊक होते.

प्राइस यांचा दुसरा विचार वकिली पेशातून आला. अशिलाच्या हिताची जशी विश्वस्ताच्या नात्याने काळजी घ्यायची, तशीच ग्राहकाचीही घ्यायची, असे ते मानत. एखादी वस्तू आपल्याला स्वस्त मिळाली तर ती बचत ग्राहकाकडे गेली पाहिजे; बाजारात जास्त भाव मिळतो म्हणून जास्त घ्यायचा नाही. व्यापाऱ्याच्या तोंडी हे शब्द संशयास्पद वाटतात, पण सिनेगल यांनी ते अक्षरशः पाळले आणि पुढे त्याचा आकडाच ठरवला: नावाजलेल्या मालावर १४ टक्क्यांहून अधिक वाढ नाही, स्वतःच्या ब्रँडवर १५ टक्क्यांहून अधिक नाही.

१९७५ साली फेडमार्टचा ताबा एका जर्मन उद्योजकाकडे गेला आणि लवकरच प्राइस यांना स्वतःच्या कंपनीतून बाहेर पडावे लागले. पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, साठ वर्षांच्या या माणसाने सॅन दिएगोतल्या विमानांच्या एका जुन्या हँगरमध्ये ‘प्राइस क्लब’ उघडला. सभासदत्व २५ डॉलर. सुरुवातीला केवळ छोट्या व्यावसायिकांसाठी. सिमेंटची उघडी जमीन, लोखंडी मांडण्या, लाकडी पॅलेटवरून थेट विकला जाणारा माल. पहिल्या वर्षी तोटा झाला. मग सरकारी नोकर आणि पतसंस्थांचे सभासद यांना प्रवेश दिला गेला आणि चित्र पालटले. १९८३ साली सिनेगल यांनी जेफ्री ब्रॉटमन यांच्यासोबत सिअ‍ॅटलमध्ये कॉस्टको सुरू केली. त्याच वर्षी सॅम वॉल्टन यांनी सॅम्स क्लब काढला. प्राइस यांच्या कल्पना आपण उचलल्या, हे त्यांनी आत्मचरित्रात मोकळेपणाने कबूल केले आहे. १९९३ साली प्राइस क्लब आणि कॉस्टको एकत्र आल्या, म्हणजे गुरू आणि शिष्य यांची दुकाने एक झाली.

या पद्धतीचे यंत्र कसे चालते ते थोडक्यात. अमेरिकेतील मोठ्या किराणा दुकानात तीस हजारांच्या आसपास किंवा त्याहून अधिक प्रकारच्या वस्तू असतात. कॉस्टकोत सुमारे चार हजार. टोमॅटो केचपचे दहा प्रकार नाहीत, एक किंवा दोन. काही ग्राहक त्यामुळे परत जातात, आणि प्राइस यांनी तो तोटा जाणूनबुजून पत्करला होता. मोबदल्यात प्रत्येक वस्तूची खरेदी अवाढव्य होते आणि पुरवठादाराशी बोलताना आवाजात वजन येते. माल साधारण महिनाभरात विकला जातो. पुरवठादाराचे पैसे चुकते करण्याची मुदतही बहुधा तेवढीच असते, त्यामुळे कर्ज काढून माल भरावा लागत नाही.

१९९५ साली कॉस्टकोने आपले सारे घरगुती ब्रँड एका नावाखाली आणले: कर्कलंड सिग्नेचर. वॉशिंग्टन राज्यातील कर्कलंड या गावी तेव्हा कंपनीचे मुख्यालय होते. दुसऱ्याच वर्षी ते इसाक्वाला हलले, नाव मात्र राहिले. या ब्रँडचा खरा उपयोग ग्राहकाइतकाच पुरवठादारासाठी आहे. एखाद्या प्रसिद्ध कंपनीने भाव वाढवला, की कॉस्टकोच्या खरेदी विभागाला सांगता येते: ठीक आहे, हीच वस्तू आम्ही कर्कलंडच्या नावाने करून घेऊ. बहुतेकदा करून घेण्याची वेळच येत नाही. काही वेळा तर तीच प्रसिद्ध कंपनी कर्कलंडचा माल बनवून देते. कर्कलंडच्या कॉफीच्या पिशवीवर ती स्टारबक्सने भाजल्याचा उल्लेख छापलेला असे. २००९ च्या अखेरीस कोका-कोलाशी दरावरून वाद झाला, तेव्हा कॉस्टकोने काही आठवडे त्या कंपनीचा माल ठेवणेच थांबवले होते.

आता पुन्हा हॉटडॉगकडे. १९८० च्या दशकाच्या मध्यात तो पहिल्यांदा विकला गेला तो गाडीवर, आणि त्या गाडीवर नाव होते हिब्रू नॅशनलचे. १९०५ साली न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये, ज्यू स्थलांतरितांच्या वस्तीत जन्मलेली ही कंपनी कोशर गोमांसाच्या सॉसेजसाठी प्रसिद्ध होती. १९६५ च्या तिच्या जाहिरातीत अंकल सॅमचे पात्र होते: सरकारचे नियम आम्ही पाळतोच, पण आम्हाला त्याहून वरच्या सत्तेला जाब द्यावा लागतो, असा तिचा आशय. ज्यू नसलेल्या अमेरिकनांनाही कोशर म्हणजे शुद्ध, निर्भेळ असे वाटू लागले, आणि या कंपनीचा बराच खप त्या विश्वासावर उभा राहिला.

कोशर मांस महाग का, याचे उत्तर व्यापारात नसून धर्मविधीत आहे. जनावर प्रशिक्षित माणसाने ठरावीक पद्धतीने कापावे लागते. फुप्फुसाची तपासणी होते आणि दोष आढळला तर मांस बाद ठरते. मागच्या भागातील विशिष्ट शीर आणि चरबी काढणे इतके किचकट आहे, की अमेरिकेत सामान्यतः जनावराचा पुढचा अर्धा भागच कोशर म्हणून विकला जातो. उरलेला भाग साध्या बाजारात जातो. असे काम करणारे कत्तलखाने मोजकेच. म्हणजे मागणी वाढली म्हणून पुरवठा झटकन वाढत नाही. दरवर्षी कोट्यवधी हॉटडॉग विकणाऱ्या ग्राहकाला ही विहीर कधी ना कधी कोरडी पडणारच होती.

२००८-०९ च्या सुमारास ती पडली. पुरवठा अपुरा, भाव चढे, आणि फलकावर दीड डॉलर. इतर कोणत्याही उपाहारगृहाने काय केले असते? किंमत पावणेदोन केली असती, किंवा सॉसेज बारीक केला असता. कॉस्टकोने हिब्रू नॅशनल सोडले आणि हॉटडॉग कर्कलंडच्या नावाने, स्वतःच्या कारखान्यात करायला घेतला. पहिला कारखाना कॅलिफोर्नियात. खप वाढत गेल्यावर दुसरा शिकागोच्या परिसरात, इलिनॉयमधील मॉरिस येथे. जेलिनेक यांना मिळालेल्या आज्ञेचे उत्तर हे होते.

हॉटडॉगसारखी वस्तू स्वतः करण्यात नेमके काय वाचते, हे पाहण्यासारखे आहे. सॉसेजला अखंड, देखणे तुकडे लागत नाहीत. मांसाची काटछाट करताना उरणारे तुकडे बारीक वाटून, मसाला मिसळून, आवरणात भरून, शिजवून आणि थंड करून तो तयार होतो. जी कंपनी आधीच प्रचंड प्रमाणात गोमांस विकत घेते, तिला हा कच्चा माल स्वस्तात जमवता येतो. दुसरे, कारखान्याला एकच प्रकार, एकाच मापात, वर्षभर करायचा असतो. यंत्रे बदलावी लागत नाहीत. तिसरे म्हणजे उत्पादकाचा नफा, जाहिरात आणि विक्री प्रतिनिधी हे सगळे खर्च गळून पडतात. उद्या किती खपणार, याचा अंदाजही आपल्याच दुकानातून मिळतो. यातले एकही तंत्र नवे नाही. नवी होती ती एका आकड्यासाठी एवढे सगळे उभारण्याची तयारी.

यात एक गोष्ट हरवली, आणि तिची नोंद फार थोडे लोक घेतात. नवा हॉटडॉग पूर्ण गोमांसाचा असला, तरी कोशर नाही. मिन्स्कहून आलेल्या ज्यू कुटुंबातील मुलाच्या व्यापारतत्त्वावर उभ्या असलेल्या दुकानात, धर्मनियम पाळणाऱ्या ज्यू ग्राहकाला तो खाता येत नाहीसा झाला. सोल प्राइस यांचे निधन डिसेंबर २००९ मध्ये झाले, म्हणजे हा बदल होत होता त्याच काळात. (गोमांस न खाणाऱ्या अमेरिकेतील असंख्य मराठी कुटुंबांचे त्या खिडकीशी नाते आधीपासूनच पिझ्झाच्या तुकड्यापुरते आहे.)

स्वतःचा कारखाना काढून किरकोळ किंमत खाली ठेवणे हे आज कौतुकाने सांगितले जाते. पण अमेरिकेतच याच गोष्टीसाठी एका कंपनीला न्यायालयात उभे केले गेले होते. ए अँड पी ही किराणा दुकानांची साखळी १९३० च्या सुमारास पंधरा हजारांहून अधिक दुकाने चालवत होती. तिच्या स्वतःच्या बेकऱ्या होत्या, डबाबंद मालाचे कारखाने होते, कॉफीचा ब्रँड होता. गावोगावचे वाणी आणि घाऊक व्यापारी हवालदिल झाले. टेक्सासचे खासदार राइट पॅटमन यांनी त्यांची बाजू घेतली आणि १९३६ साली मोठ्या खरेदीदाराला खास सवलत देण्यावर निर्बंध घालणारा रॉबिन्सन-पॅटमन कायदा आला. पुढे मक्तेदारीविरोधी खटला झाला. १९४६ साली कंपनी दोषी ठरली आणि १९४९ साली वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. सरकारचा एक युक्तिवाद असा होता, की कारखान्यांतून आणि खरेदीच्या ताकदीतून मिळालेला नफा वापरून कंपनी दुकानातले भाव पाडते आणि स्पर्धकांना जेरीस आणते. ग्राहकाला स्वस्त मिळते, हा बचाव पुरेसा ठरला नाही.

तेव्हाच्या अमेरिकेला कोपऱ्यावरचा वाणी टिकवायचा होता. आजच्या अमेरिकेला कमी किंमत हवी आहे. या दोन्हींपैकी एकच भूमिका न्याय्य आणि दुसरी खुळचट, असे मानणे सोपे आहे, पण ते इतिहासाशी प्रामाणिक नाही. कॉस्टकोच्याच दुसऱ्या प्रसिद्ध वस्तूकडे, ४ डॉलर ९९ सेंटच्या भाजलेल्या कोंबडीकडे पाहिले की प्रश्न पुन्हा जिवंत होतो. तिची किंमत टिकवण्यासाठी २०१९ साली नेब्रास्कातील फ्रीमाँट येथे कोंबड्यांचा भव्य कारखाना उभा राहिला. अंड्यापासून कत्तलीपर्यंत सारे एका हाती, आणि आसपासचे शेतकरी कराराने बांधलेले. त्यावरून पाणी, वस्ती आणि कोंबड्यांची स्थिती या सगळ्यांविषयी तक्रारी झाल्या. दर वाढला नाही. ताण दुसरीकडे सरकला.

हॉटडॉगच्या बाबतीतही तो सरकतच गेला आहे. २०१३ साली खाद्यविभागातून कोका-कोला गेले आणि पेप्सी आली, कारण पेयाच्या खर्चात बचत करायची होती. २०१८ साली अमेरिकेतील दुकानांतून पोलिश सॉसेज काढून टाकला गेला, आणि त्यावरून ग्राहकांनी बराच आरडाओरडा केला. २०२० च्या साथीत हँडल फिरवून कांदा काढण्याचे लोकप्रिय यंत्र बंद झाले. आकड्याला हात न लावता त्याच्या आजूबाजूचे थोडेथोडे कापत राहायचे, ही एक कलाच म्हणावी लागेल.

आणि तरीही हिशोब पाहिला की हा हट्ट तितकासा भाबडा राहत नाही. २०१९ च्या आर्थिक वर्षात सुमारे १५ कोटी १० लाख जोड्या विकल्या गेल्या. प्रत्येकी एक डॉलर वाढवला असता, तर सुमारे १५ कोटी डॉलर जास्त मिळाले असते. त्याच वर्षीची कंपनीची विक्री होती १४,९३५ कोटी डॉलर. म्हणजे हजारातला एक. दुसरीकडे सभासदत्वाचे शुल्क पाहा: २०२४ च्या आर्थिक वर्षात त्यातून ४८३ कोटी डॉलर आले आणि कंपनीचा निव्वळ नफा होता ७३७ कोटी. शुल्क गोळा करायला ना कच्चा माल लागतो ना गोदाम, त्यामुळे ते बहुतांश थेट नफ्यात जाते. अमेरिकेत आणि कॅनडात दर दहापैकी नऊहून अधिक सभासद ते पुन्हा भरतात. दुकानाने आपल्याला फसवलेले नाही, ही त्यांची खात्री हाच खरा विक्रीचा माल आहे, आणि दीड डॉलरचा फलक तिची रोजची पावती.

१ सप्टेंबर २०२४ पासून हे शुल्क ६० डॉलरवरून ६५ झाले. त्याच वर्षी, एप्रिलमध्ये, खाद्यविभागातही सभासदपत्राची सक्ती होऊ लागली. पूर्वी कित्येक ठिकाणी कोणीही आत येऊन दीड डॉलरला जेवून जाऊ शकत असे. मे महिन्यात नव्या वित्तप्रमुखांनी गुंतवणूकदारांशी बोलताना हॉटडॉगची किंमत सुरक्षित असल्याचे स्पष्ट केले. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने आणखी एक घोषणा केली: खाद्यविभागात पेप्सी जाऊन कोका-कोला परत येणार. फलकावरचा आकडा बदलणार नव्हता.